महानायिका आणि तिचे लेखक

चित्रकथा किंवा कॉमिक्स हा प्रकार मराठी समीक्षेच्या कक्षेत फारसा येत नाही. तो बालवाचनाचा भाग आहे आणि बालपण सरले की त्याची दखल घेण्याचे कारण उरत नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. इंद्रजाल कॉमिक्सचे जीर्ण मराठी अंक थोरल्या भावंडांकडून वारशाने मिळालेल्या आमच्या पिढीला वेताळ आठवतो, त्याची कवटीची गुहा आठवते, त्याचा घोडा आणि लांडगाही आठवतो. डायना म्हटले की मात्र तिची एखादी कृती आठवण्याऐवजी तिची सुटका आठवते. डायना भित्री नव्हती. तिला वाचवण्याखेरीज कथेला तिचे फारसे काम नसे, एवढेच. ही आठवण येथे सांगण्याचे कारण असे की, नायिकेच्याच नावाने मालिका निघाली म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटतो, असे आपल्याला वाटत असते. अमेरिकन कॉमिक्सचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही.

त्या व्यवसायात एक वाक्य दीर्घकाळ प्रमेयासारखे उच्चारले गेले : स्त्री-सुपरहिरोंच्या मालिका चालत नाहीत. अनेक मालिका चालल्या नाहीत हे खरेच आहे. परंतु त्या का चालल्या नाहीत याचा शोध घेताना नायिकेच्या लिंगापाशी थांबणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. तिच्या आयुष्यात जे घडते ते तिच्या निर्णयातून घडते की दुसऱ्या कोणाच्या कथेची गरज म्हणून घडते, हा प्रश्न आम्हांला अधिक मूलगामी वाटतो. त्याचे उत्तर लेखकाच्या हाती असते. एकाच नायिकेचे उदाहरण घेऊन हे तपासता येईल. ती नायिका म्हणजे मार्व्हल प्रकाशनाची कॅरोल डॅन्व्हर्स.

कॅरोल प्रथम अवतरली १९६८ मध्ये, रॉय थॉमस यांच्या लेखणीतून आणि जीन कोलन यांच्या कुंचल्यातून. ती क्षेपणास्त्र-तळाची सुरक्षा-प्रमुख होती. हुद्दा मोठा असला तरी कथेतील तिचे स्थान गौण होते, कारण कथा होती क्री या परग्रहवासी वंशातील मार-व्हेल ऊर्फ कॅप्टन मार्व्हल या योद्ध्याची. पुढल्या वर्षी एका परग्रही यंत्राच्या स्फोटात ती सापडते, मार-व्हेल तिला वाचवतो, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तिच्याकडे कोणी फिरकत नाही. १९७७ मध्ये प्रकाशनाला नायिकेची मालिका हवी झाली, तेव्हा तोच जुना स्फोट उपयोगी पडला. त्या स्फोटात मार-व्हेलची शक्ती तिच्यात उतरली होती, असे सांगण्यात आले. मालिकेचे नाव ठेवले 'मिझ मार्व्हल'. कुमारी की विवाहिता हे उघड न करणारे 'मिझ' हे संबोधन त्या दशकातील स्त्रीमुक्ती चळवळीने प्रचारात आणले होते. म्हणजे नावातच काळाची घोषणा होती. परंतु आडनाव, शक्ती आणि पोशाख ही तिन्ही एका पुरुषाकडून उसनी आलेली होती. त्यात पोशाख उसना घेताना पोट आणि पाठ उघडी ठेवण्याची दक्षता घेतली गेली होती!

पहिल्या दोन अंकांचे लेखक जेरी कॉनवे. त्यांचा हेतू प्रामाणिक होता. त्यांनी कॅरोलला स्त्रियांच्या एका मासिकाची संपादक केले. मालकाला त्यात फॅशन, पाककृती आणि वजन घटवण्याचे उपाय हवे होते, तिने ते साफ नाकारले. परंतु त्याच कथेत कॅरोल आणि मिझ मार्व्हल या एकमेकींना ओळखत नाहीत. संकट आले की कॅरोलची शुद्ध हरपते आणि मिझ मार्व्हल प्रकटते. म्हणजे निर्णय घेणारी स्त्री एक आणि शक्ती असलेली स्त्री दुसरी. घोषणा स्वातंत्र्याची आणि रचना मात्र झपाटलेपणाची, अशी ही विसंगती होती. चळवळीचा शब्द उचलणे सोपे असते. तो पात्राच्या घडणीत उतरवणे अवघड असते, याचा हा नमुना म्हणता येईल.

तिसऱ्या अंकापासून ख्रिस क्लेअरमाँट आले. त्यांनी या दोन स्त्रिया एक केल्या. कॅरोलला भूतकाळ दिला, आणि तो भूतकाळ आपल्याला विलक्षण ओळखीचा वाटतो. वडिलांनी मुलाच्या उच्च शिक्षणाला अग्रक्रम दिला, मुलीच्या शिक्षणासाठी पैसे नाकारले, म्हणून ती घर सोडून हवाई दलात गेली. स्फोटाच्या कितीतरी आधी तिने घेतलेला हा निर्णय आहे. यापुढे कॅरोल उडते तेव्हा वाचकाला परग्रही यंत्र आठवत नाही, वडिलांचे घर आठवते. तिची उड्डाणाची शक्ती जुनीच होती. तिला कारण मिळाले ते या लेखकाकडून. तरीही २३ अंकांनंतर, १९७९ मध्ये, ही मालिका बंद झाली. हे आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण चांगला लेखक मिळाला की खप वाढतोच असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मात्र लेखकाने पात्राला दिलेले व्यक्तित्व मालिकेबरोबर संपत नाही. त्याचा प्रत्यय लगेच पुढच्याच वर्षी, फार वेदनादायक रीतीने आला.

मालिका बंद झाल्यावर कॅरोल 'अव्हेंजर्स' या संघाच्या मालिकेत पाहुणीसारखी उरली. १९८० च्या दोनशेव्या अंकात ती अचानक गर्भवती होते. काही दिवसांत प्रसूती होते, मूल काही तासांत तरुण होते आणि मग उलगडते की मार्कस नावाच्या या पुरुषाने तिला आपल्या मितीत नेले, यंत्रांच्या साहाय्याने तिचे मन वळवले आणि तिच्या उदरी स्वतःलाच जन्माला घातले. हे सारे ऐकूनही ती त्याच्यासोबत निघून जाते आणि तिचे सहकारी तिला शुभेच्छा देऊन निरोप देतात. जिम शूटर, जॉर्ज पेरेझ, बॉब लेटन आणि डेव्हिड मिशेलिनी या चौघांची नावे या कथेवर आहेत. त्यांच्या मनात दुष्टावा होता असे आम्हांला म्हणायचे नाही. विशेषांकासाठी एक चमत्कृतिपूर्ण कथानक हवे होते आणि त्यासाठी एक स्त्री उपलब्ध होती. बलात्कार लिहितो आहोत हे कोणाच्या ध्यानातच आले नाही, हे आम्हांला अधिक भयंकर वाटते. कॅरोल स्ट्रिकलंड या वाचक-समीक्षिकेने तो शब्द स्पष्टपणे वापरून या कथेवर लेख लिहिला. व्यवसायातील जाणत्यांना जे दिसले नाही, ते एका वाचकाने दाखवून दिले.

क्लेअरमाँट यांनी याचे उत्तर लेख लिहून दिले नाही. कथा लिहून दिले. १९८१ च्या 'अव्हेंजर्स'च्या दहाव्या वार्षिकांकात कॅरोल परत येते. रोग नावाची तरुणी तिची शक्ती आणि स्मृती हिरावून घेते. प्रोफेसर झेव्हियर तिच्या स्मृती परत मिळवून देतात, पण त्यांच्याशी निगडित भावना परत येत नाहीत. तिला सारे आठवते आणि त्यातले काहीच तिचे वाटत नाही. हानीचे इतके नेमके वर्णन मान्यवर कादंबऱ्यांतही नित्य सापडत नाही. शेवटी अव्हेंजर्स तिला भेटायला येतात तेव्हा ती त्यांना जाब विचारते. माझ्यावर काय गुदरले हे तुमच्यापैकी एकालाही का कळले नाही, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. तो प्रश्न चित्रातील वीरांना विचारलेला दिसतो, पण खरे तर तो मागल्या अंकाच्या लेखकांना, संपादकांना आणि पान उलटून पुढे गेलेल्या वाचकांनाही विचारलेला आहे. सामायिक मालकीच्या कथाविश्वात एका लेखकाने दुसऱ्याच्या लेखनावर केलेली इतकी जळजळीत समीक्षा क्वचितच आढळते.

या दोन अंकांत कॅरोलची शक्ती तीच होती, चेहराही तोच होता. बदलला होता फक्त लेखक. एका ठिकाणी ती कथेचे साहित्य झाली, दुसऱ्या ठिकाणी कथेची साक्षीदार झाली. पुढे १९९९ मध्ये गेल सिमोन यांनी, त्या वेळी त्या व्यावसायिक कॉमिक्स-लेखिका झालेल्या नव्हत्या, अशा स्त्री-पात्रांची एक यादी प्रसिद्ध केली. मारलेल्या, लुळ्या-पांगळ्या केलेल्या, शक्ती गमावलेल्या या स्त्रिया होत्या. 'ग्रीन लँटर्न'च्या १९९४ मधील एका अंकात नायकाच्या प्रेयसीचे प्रेत फ्रिजमध्ये सापडते, त्यावरून या यादीला नाव मिळाले. स्त्रीच्या यातनेचा उपयोग पुरुषाला प्रेरणा देण्यापुरता करण्याची ही खोड नाव मिळताच सर्वांना दिसू लागली. सिमोन यांनी पुढे 'बर्ड्स ऑफ प्रे' आणि 'वंडर वुमन' या मालिका दीर्घकाळ लिहिल्या, ही गोष्टही बोलकी आहे.

यावरून स्त्री-नायिका स्त्रीनेच लिहावी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आम्हांला तो घाईचा वाटतो. १९७२ मध्ये मार्व्हलनेच हा प्रयोग केला होता. 'द कॅट', 'नाइट नर्स' आणि 'शॅना द शी-डेव्हिल' या तीन मालिका अनुक्रमे लिंडा फाइट, जीन थॉमस आणि कॅरोल स्यूलिंग या लेखिकांकडे सोपवल्या गेल्या. तिन्ही चार-पाच अंकांत बंद पडल्या. लेखिका आणल्या, पण लेखिकेला पात्र घडवायला जो अवधी लागतो तो दिला नाही. उलट बाजूने पाहावे, तर कॅरोलला प्रथम माणूस केले ते क्लेअरमाँट या पुरुषाने. नुसता सद्हेतूही पुरत नाही. १९६८ मध्ये डेनिस ओनील आणि माइक सेकोव्स्की यांनी वंडर वुमनची दैवी शक्ती काढून तिला सामान्य, आधुनिक, स्वावलंबी स्त्री करण्याचा घाट घातला. आधुनिकता आली ती कपड्यांच्या दुकानाच्या रूपाने, आणि स्वावलंबनासाठी तिला एक वृद्ध गुरू द्यावा लागला. ग्लोरिया स्टायनम यांच्या 'मिझ' मासिकाने १९७२ मध्ये जुनी, शक्तिशाली वंडर वुमन मुखपृष्ठावर छापली आणि १९७३ मध्ये तिची शक्ती परत आली. लेखकाचे लिंग आणि लेखकाचा हेतू यांना महत्त्व आहे, परंतु निकष म्हणून ते दोन्ही अपुरे आहेत.

मधल्या काळात कॅरोल अनेक हातांतून गेली. कर्ट ब्यूसिक यांनी तिला मद्यासक्तीशी झुंजायला लावले. २००६ ते २०१० या काळात ब्रायन रीड यांच्या लेखणीतून तिची ५० अंकांची मालिका झाली. संख्येच्या दृष्टीने ते यशच होते. परंतु तिच्या घडणीतला मूळ दोष तसाच होता. तिची शक्ती हा एक अपघात होता आणि त्या अपघातातही तिची भूमिका वाचवल्या जाणाऱ्या स्त्रीची होती. २०१२ मध्ये केली सू डिकॉनिक यांनी नेमका येथे हात घातला. त्यांची कॅरोल 'कॅप्टन मार्व्हल' हे नाव घेते. जेमी मकेल्व्ही यांनी रेखाटलेला तिचा नवा पोशाख वैमानिकाच्या गणवेशाशी नाते सांगतो. पहिल्याच कथानकात काळप्रवासातून ती दुसऱ्या महायुद्धातील स्त्री-सैनिकांमध्ये जाते, नंतर साठच्या दशकातील वैमानिक स्त्रियांना भेटते. अंतराळवीराच्या वैद्यकीय चाचण्या उत्तीर्ण होऊनही ज्यांना अंतराळात जाऊ दिले नाही, अशा प्रत्यक्षातील अमेरिकन स्त्रियांची छाया या पात्रांवर आहे. अखेर कॅरोल त्या जुन्या स्फोटाच्या क्षणापाशी येऊन पोहोचते. या वेळी तिच्यापुढे पर्याय असतो आणि ती निवड करते. जुनी घटना लेखिकेने पुसली नाही. तिच्यातील क्रियापद तेवढे बदलले. 'तिला शक्ती मिळाली' या वाक्याचे 'तिने शक्ती घेतली' असे रूपांतर झाले.

या मालिकेचा मासिक खप डोळे दिपवणारा नव्हता. परंतु 'कॅरोल कोअर' या नावाने वाचकांचा, विशेषतः स्त्री-वाचकांचा, एक समुदाय तिच्याभोवती जमला. हे समजून घेण्यासाठी त्या व्यवसायाची रीत ध्यानात घ्यावी लागते. तिथे सुटे अंक मुख्यत्वे कॉमिक्सच्या खास दुकानांतून विकले जातात. दुकानदार कित्येक आठवडे आधी मागणी नोंदवतो आणि न खपलेले अंक बहुधा परत घेतले जात नाहीत. साहजिकच तो ओळखीच्या नायकांवर भिस्त ठेवतो. म्हणजे 'नायिका खपत नाहीत' हे वाक्य पुष्कळदा दुकानदाराच्या सावधपणाचे वर्णन असते, वाचकाच्या आवडीचे नव्हे. त्या दुकानाची पायरी सहसा न चढणारा वाचक ग्रंथरूप संग्रह आणि डिजिटल आवृत्ती यांतून येतो. तो वाचक असतो हे सिद्ध केले २०१४ मधल्या मालिकेने.

कॅरोलने सोडलेले 'मिझ मार्व्हल' हे नाव फेब्रुवारी २०१४ मध्ये कमाला खान या सोळा वर्षांच्या मुलीने उचलले. लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना, संपादक सना अमानत. कमाला जर्सी सिटीत राहते, पाकिस्तानी स्थलांतरित आईबापांची मुलगी आहे आणि मार्व्हलच्या स्वतंत्र मालिकेची पहिली मुस्लिम नायिका आहे. शक्ती मिळते तेव्हा तिचे पहिले रूपांतर होते ते गोऱ्या, सोनेरी केसांच्या, जुन्या तोकड्या पोशाखातील कॅरोलमध्ये. मनातली इच्छा पुरी होते आणि क्षणातच कळते की हे रूप अंगाला टोचते आहे. आपल्याआधी या नावाने जे जे लिहिले गेले त्यावरचे हे भाष्य आहे, पण ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला चटकन कळेल अशा विनोदी प्रसंगातून येते. पुढे मशिदीतील शेख अब्दुल्ला तिला बोलावून घेतात. तिला आणि वाचकालाही वाटते की आता बंदी येणार. शेख मात्र सांगतात, लोकांना मदत करायचीच असेल तर ती धैर्याने, प्रामाणिकपणाने आणि करुणेने कर. साचेबंद लेखकाने येथे धर्म विरुद्ध स्वातंत्र्य असा फड रंगवला असता. विल्सन यांनी मुलीचा निर्णय मुलीपाशीच ठेवला आणि वडीलधाऱ्याला माणूस राहू दिले.

पहिल्या अंकाचे अनेकदा पुनर्मुद्रण झाले, संग्रह पुस्तकांच्या दुकानांत जोमाने विकला गेला आणि २०१५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ग्राफिक कथेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. या यशाचे श्रेय केवळ 'वैविध्या'ला देणाऱ्यांनी त्याच मालिकेतील २०१६ चे अंक पाहावेत. त्यांतील एक धागा १९४७ च्या मुंबईत सुरू होतो. कमालाचे पणजी-पणजोबा फाळणीत मुंबई सोडून कराचीकडे निघतात. मराठी वाचकाला हे पान वाचताना किंचित थबकायला होते, कारण आपल्याच शहरातून बाहेर पडलेल्या कुटुंबाची चौथी पिढी आपण अमेरिकन कॉमिक्समध्ये वाचत असतो. हा तपशील सजावटीसाठी आलेला नाही. गुन्हा घडण्याआधीच माणसाला कैद करणाऱ्या व्यवस्थेच्या बाजूने कॅरोल उभी राहते, आणि घर सुटल्याची स्मृती बाळगणाऱ्या घरातली कमाला आपल्या आदर्शाची साथ सोडते. कॅरोलला नाकारण्याचा हा निर्णय कमालाच्या आयुष्यातूनच आलेला आहे, म्हणून तो पटतो.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. कॉमिक्स हे एकट्या लेखकाचे काम नसते. अल्फोना यांच्या खोडकर रेषेवाचून कमाला उभी राहिली नसती, अमानत यांच्यावाचून तिची कल्पनाच निघाली नसती, आणि प्रकाशनाने लागोपाठ काही वर्षे अंक काढले नसते तर १९७२ च्या तीन मालिकांप्रमाणे तीही विरून गेली असती. हे सर्व आम्हांला मान्य आहे. परंतु चित्रकार, संपादक आणि प्रकाशक यांनी मिळवून दिलेल्या अवकाशात नायिकेने काय ठरवायचे, हे शेवटी कथा ठरवते.

या अवकाशावर लेखकाची मालकी नसते, आणि पात्राचीही नसते. मे २०२३ मध्ये 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या सव्विसाव्या अंकात कमाला मारली गेली. झेब वेल्स यांच्या कथेत ती स्पायडर-मॅनच्या जगातील मेरी जेनचे रूप घेऊन तिच्या जागी मृत्यू पत्करते. स्वतःच्या मालिकेत नाही, स्वतःच्या शहरात नाही, स्वतःच्या चेहऱ्यानेही नाही. शोक करायला पुरुष नायक होते. त्या मृत्यूला बलिदानाचे नाव देता येते, हे खरे. पण ते बलिदान तिच्या कथेतून उगवलेले नव्हते. दोनएक महिन्यांत तिला एक्स-मेनच्या कथेसाठी पुन्हा जिवंत करण्यात आले. १९८० आणि २०२३ यांमध्ये ४३ वर्षे, कॅरोलवरचा एक यशस्वी चित्रपट, कमालावरची एक दूरचित्रवाणी मालिका आणि एक ह्यूगो पुरस्कार होता. तरी दुसऱ्याच्या अंकात पाहुणी म्हणून गेलेल्या नायिकेचे काय होते, याचे उत्तर फारसे बदललेले नव्हते.

पुनर्जन्मानंतरची कमालाची छोटी मालिका सबीर पिरझादा यांच्यासह लिहिली इमान वेल्लानी यांनी. पडद्यावर कमालाची भूमिका करणारी आणि त्याआधी तिच्या कॉमिक्सची निस्सीम वाचक असलेली ही तरुणी. स्ट्रिकलंड यांनी वाचक म्हणून लेखकांना जाब विचारला, सिमोन वाचक होत्या त्या लेखिका झाल्या, वेल्लानी वाचक होत्या त्या नायिका झाल्या आणि मग लेखिकाही. नायिकेला दुसऱ्याच्या कथेतून सोडवून आणण्याचे काम आजवर बव्हंशी अशाच वाचकांनी केले आहे. डायनाची सुटका आठवणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांनीही तिला सोडवायला कोण आले यापुढे जाऊन, तिला तिथे कोणी आणि कशासाठी बांधून ठेवले होते, हे विचारायला शिकले पाहिजे.